‘टेन्शनमुळे वाढलंय’

पंचेचाळिशीचा माणूस डॉक्टरांसमोर बसलेला असतो. शर्टाची बाही वर सरकवलेली, खिशातला फोन मधूनच थरथरतो आहे. दंडाला पट्टा गुंडाळला जातो, फुगा दाबला जातो, दंड आवळतो, मग फुस्स करत हवा सुटू लागते आणि पारा उतरत येतो. वरचे एकशे साठ, खालचे शंभर. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच खुलासा तयार असतो : ‘‘सध्या जरा टेन्शन चाललंय, त्यामुळे वाढलंय.’’ हे टेन्शन कधी मार्चअखेरचे असते, कधी मुलीच्या लग्नाचे, कधी घराच्या हप्त्याचे, कधी भावकीतल्या बांधाचे. ते खोटे नसते. डॉक्टरही समजुतीने मान हलवतात, ‘‘महिन्याभराने पुन्हा दाखवा’’ म्हणतात. लग्न पार पडते, मार्च संपतो, आणि तो महिना दोन-तीन वर्षे लांबतो.

या एका वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि माझे म्हणणे असे की पुरुषांच्या बाबतीत हे अर्धे सत्य दोन्हीकडून घात करते. मनावरचा ताण रक्तदाब वाढवतो हे खरेच आहे. पण कोणता ताण, किती काळ आणि कशाच्या वाटेने, याची चौकशी आपण करत नाही. आणि ‘ताण आहे म्हणून दाब आहे, ताण गेला की दाब जाईल’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा निघतो. वाक्यातला जो भाग खरा आहे त्याकडे आपण काणाडोळा करतो, आणि जो खरा नाही त्याच्या भरवशावर गोळी टाळतो.

घोळाची सुरुवात शब्दापासूनच आहे. डॉक्टर ज्याला हायपरटेन्शन म्हणतात त्यातल्या ‘टेन्शन’चा मनाशी मुळात संबंध नाही. तो ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा. वाहत्या रक्ताने नळीला आतून दिलेला. फ्रेंच लोक आजही साध्या रक्तदाबाला ‘तान्सिओं’च म्हणतात. मराठीत मात्र टेन्शन हा शब्द मनाच्या दारातून आत आला आणि इथलाच होऊन बसला. त्यामुळे ‘हायपरटेन्शन’ कानावर पडले की माणसाला वाटते, आपल्याला फार काळजी करण्याचा आजार झाला आहे. काळजी सोडली की झाले. हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रामिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या माहितीवर १९९३ मध्ये जो शोधनिबंध निघाला त्याच्या शीर्षकातच संशोधकांनी विचारले होते, की हायपरटेन्शनमध्ये टेन्शन आहे का? उत्तर लक्षात ठेवण्याजोगे होते. पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानच्या ज्या पुरुषांच्या मनात सुरुवातीलाच जास्त चिंता आढळली, त्यांना पुढच्या अठरा-वीस वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट निघाली. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही.

एवढ्यावर थांबता आले असते तर सोपे होते. पण २००३ मध्ये चार अमेरिकी शहरांतल्या तरुण स्त्री-पुरुषांच्या पंधरा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले, आणि त्यांत चिंता व नैराश्य यांचा रक्तदाबाशी संबंध सापडलाच नाही. सापडला तो उतावीळपणाचा आणि वैरभावाचा : सतत घाई, रांगेत उभे राहणे असह्य होणे, समोरचा माणूस आपल्याला फसवणारच असे गृहीत धरणे. हे दोन अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. एकात माणसे मध्यमवयीन, दुसऱ्यात पंचविशीच्या आसपासची. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. पण त्यांची विसंगती एक गोष्ट दाखवून देते. टेन्शन ही एकच वस्तू नाही. ते एक पोते आहे, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपण त्यात बरेच काही कोंबले आहे. आपल्याच भाषेत त्यासाठी किती वेगवेगळे शब्द होते आणि आहेत : धसका, धास्ती, घोर, काळजी, तगमग, घालमेल, चिडचिड, घुसमट. आजी म्हणायची, ‘त्याने घोर लावून घेतलाय’, तेव्हा ते धसक्याहून वेगळे आहे हे ऐकणाऱ्याला कळत असे. रक्तवाहिन्यांनाही हा फरक कळतो, असे संशोधन वाचताना वाटत राहते.

आधी धसक्याचे पाहू. अचानक भीती वाटली, कुणी ओरडले, समोरून ट्रक अंगावर आला की मेंदू क्षणात इशारा देतो. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन सुटते. हृदय जोरात धडकू लागते, त्वचेकडच्या आणि पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त स्नायूंकडे वळते. दाब वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. पळायचे किंवा लढायचे तर शरीराला तेच लागते. या प्रतिक्रियेला ट्रक लागतोच असे नाही, डॉक्टरही पुरतात. इटलीतल्या मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काही रुग्णांच्या धमनीत बारीक नळी घालून दाबाची सलग नोंद घेतली आणि मग नुसते डॉक्टरांना खोलीत पाठवले. पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ आणि खालचा १५ मिलिमीटरने चढला. भेट संपेपर्यंत त्यातला बराच उतरलाही. पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात तो हाच. म्हणजे आपल्या पंचेचाळिशीच्या माणसाने दिलेला खुलासा त्या एका मापापुरता बरोबर असू शकतो.

मोठ्या संकटाचेही तसेच. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबे परिसरात भूकंप झाला. केंद्राजवळच्या अवाजी बेटावरच्या डॉक्टरांकडे आधीपासून उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते, त्यांची जुनी मापे हाताशी होती. भूकंपानंतरच्या एक-दोन आठवड्यांत वरचा आकडा सरासरीने सतरा-अठरा मिलिमीटर चढलेला सापडला. घरे पडली होती, माणसे गेली होती, थंडीत शाळांच्या जिमखान्यांत दिवस काढायचे होते. तरीही तीन ते पाच आठवड्यांत बहुतेकांचा दाब मूळ जागी आला. ज्यांच्या मूत्रपिंडांना आधीच इजा होऊ लागली होती त्यांचा मात्र अधिक काळ चढलेला राहिला. भूकंपासारखा धसकासुद्धा महिन्याभरात ओसरतो, हे ज्याला कळले त्याने सांगावे : मुलीच्या लग्नाने चढलेला दाब, लग्नाला वर्ष उलटल्यावरही एकशे साठच असेल, तर तो लग्नाचा कसा?

आता घुसमट. १९७९ मध्ये रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने कामावरच्या ताणाचे एक साधे गणित मांडले. काम खूप आहे एवढ्याने माणूस खचत नाही. काम खूप आहे आणि ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे यातले काहीच आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की खचतो. न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या कामाच्या ठिकाणांवरच्या तीस ते साठ वयाच्या पुरुषांवर पीटर श्नाल आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा अशा घुसमटीच्या नोकऱ्या करणाऱ्यांत उच्च रक्तदाब असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. पुढे अंगावर दिवसभर लावायच्या यंत्राने दिसले की त्यांचा दाब कामावर तर जास्त असतोच, घरी आल्यावरही असतो, झोपेतही असतो. साहेबाचा चेहरा समोर नसतानाही शरीर साहेबासमोरच उभे असते, असे म्हणायला हरकत नाही. तीन वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा अशा कामातून सुटलेल्यांचा दाब पाचएक मिलिमीटरने उतरलेला होता. घुसमटीने वाढलेला दाब घुसमट सुटली की काही प्रमाणात उतरू शकतो, याचा हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. त्याआधी, १९७३ मध्ये, अमेरिकेतल्या विमान वाहतूक नियंत्रकांची तुलना वैमानिकांशी केली गेली होती. नियंत्रकांमध्ये उच्च रक्तदाब सुमारे चौपट आढळला, तोही लहान वयात. पडद्यावरच्या ठिपक्यांत शेकडो जीव, आणि चूक करायला जागा नाही.

याच्या नेमके उलट टोक इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात सापडते. तिथल्या मठवासी १४४ जोगिणी आणि त्याच परिसरातल्या १३८ संसारी स्त्रिया यांचा रक्तदाब वीस वर्षे मोजला गेला. सुरुवातीला दोन्ही गट सारखे. पुढे संसारी बायकांचा दाब वयाबरोबर चढत गेला. जोगिणींचा जवळजवळ जिथल्या तिथे राहिला. मीठ दोघी सारखेच खात होत्या, वजनातही मोठा फरक नव्हता. अभ्यास स्त्रियांचा आहे, त्यामुळे पुरुषांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि मठात मुलेबाळे नसतात, बाळंतपणे नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. तरी वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, हे आपण ज्या सहजतेने म्हणतो त्या सहजतेला इथे धक्का बसतो.

आणि आता मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास. सॅन फ्रान्सिस्कोच्या शहर बसचालकांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आहे हे दिसल्यावर संशोधकांनी त्यांना विचारले की कामात ताण कशाकशाचा वाटतो. अपेक्षा अशी की जास्त ताण सांगणाऱ्यांचा दाब जास्त निघेल. १९८८ मध्ये छापून आलेले उत्तर उलटे होते. ज्यांनी ‘मला फारसा त्रास नाही’ असे सांगितले त्यांच्यातच उच्च रक्तदाब अधिक होता. याचा एकच अर्थ लावता येत नाही. कदाचित ज्यांना त्रास जाणवतो ते तो कुठेतरी बोलून टाकतात. कदाचित ज्यांनी तो गिळायची सवय लावून घेतली आहे त्यांना तो जाणवणेच बंद होते. पण आपल्याकडचा पुरुष कसा वाढवला जातो ते आठवले की हा निष्कर्ष परका वाटत नाही. ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे ऐकत मोठा झालेला मुलगा चाळिशीत बॅंकेच्या नोटिशीची घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी सांगतो, सगळं ठीक आहे. डॉक्टरांसमोर ‘टेन्शन आहे’ म्हणणे त्याला जमते, कारण हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून काहीच उघडे पडत नाही. ‘भीती वाटते’ हे मात्र त्याच्या तोंडून निघत नाही.

आता कुणी म्हणेल, ताण क्षणाचा असो की वर्षांचा, दाब चढतो नि उतरतो. तो कायमचा कसा होतो? याचे उत्तर दोन वाटांनी मिळते. पहिली वाट शरीराच्या आतून जाते. दाबाचा दीर्घकाळचा हिशेब मूत्रपिंडे ठेवतात. अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातले इशारे वारंवार आले की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यातून अशी साखळी सुरू होते की वाहिन्या आवळतात आणि शरीर मीठ व पाणी धरून ठेवते. दुसरीकडे, सतत जास्त दाब सोसणाऱ्या लहान वाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात. जाड भिंतींची नळी आतून अरुंद, आणि अरुंद नळीतून रक्त ढकलायला पुन्हा जास्त दाब. मानेतल्या मोठ्या धमनीत दाबावर पहारा ठेवणारे तंतू असतात, तेही वाढलेल्या दाबालाच नेहमीचा मानून घेतात. इथवर पोहोचलेल्या माणसाचे मूळ टेन्शन संपले तरी दाब उतरत नाही. दाबाला आता टेन्शनची गरज उरलेली नसते.

दुसरी वाट बाहेरची, आणि माझ्या मते पुरुषांच्या बाबतीत हीच जास्त वर्दळीची. ताण आला की पुरुष काय करतो ते पाहावे. चुना लावून तंबाखू मळतो किंवा टपरीवर सिगारेट पेटवतो. निकोटिन तेवढ्यापुरता दाब चढवते आणि दिवसातून दहा-पंधरा वेळा ‘तेवढ्यापुरता’ म्हणजे जवळजवळ दिवसभर. संध्याकाळी ‘जरा रिलॅक्स’ म्हणून बसतो, आणि नियमित दारू रक्तदाब वाढवते हे आता वादातीत आहे. सोबत चखण्याला खारे शेंगदाणे, शेव, तळलेला पापड. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम मिठाची, म्हणजे सपाट चमचाभर. राष्ट्रीय पातळीवरच्या एका पाहणीत भारतीय पुरुष दिवसाला नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ खातात असे दिसले आहे, बायकांहून अधिक. रात्री उशिरा जेवण, उशिरा झोप, पोट सुटलेले, आणि मग घोरणे. झोपेत श्वास अडून अडून घोरणे हा विकार पुरुषांत जास्त, आणि श्वास अडला की दर वेळी शरीर मध्यरात्री धसका खाते. निरोगी माणसाचा दाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. ही रात्रीची विश्रांती अशा घोरणाऱ्यांच्या वाहिन्यांना मिळतच नाही. यातली प्रत्येक गोष्ट टेन्शनच्या नावावर सुरू झालेली असते, पण दाब वाढवण्याचे काम ती स्वतःच्या बळावर करते. म्हणून ‘टेन्शनमुळे वाढलंय’ याचा खरा तर्जुमा पुष्कळदा ‘टेन्शन घालवायला मी जे करतो त्यामुळे वाढलंय’ असा होतो.

मन आणि रक्तदाब यांचे नाते उलगडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वेड लागलेल्यांना, झोप न येणाऱ्यांना दिले जाई. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की हे औषध वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोहोंवर चालते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतून वेगळे काढलेले रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिकामा करते. म्हणून मन थंडावते आणि दाबही उतरतो. मात्र काही रुग्ण त्याने खोल उदासीत गेले, आणि आज ते मागे पडले आहे. मन आणि धमनी यांना जोडणारी तार खरोखर आहे, हे त्या मुळाने दाखवले. त्या तारेवर घाव घातला तर मनालाही इजा होऊ शकते, हेही दाखवले.

केईएममध्येच वीस वर्षांनी डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवले. पाठीवर पडायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे, एकेक अवयव सैल सोडायचा, रोज अर्धा तास. त्यांतल्या बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. हे १९६९ मध्ये छापून आले. योगाचा रक्तदाबावरचा परिणाम मोजून मांडणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. पण शवासन न करणाऱ्यांचा तुलनेसाठी वेगळा गट त्यात नव्हता. इंग्लंडमधल्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ मध्ये असा गट ठेवून प्रयोग केला. शिथिलीकरण शिकलेल्यांचा वरचा आकडा सव्वीसेक मिलिमीटरने उतरला. न शिकलेल्यांचाही नऊएक मिलिमीटरने उतरला. डॉक्टरकडे नियमित जाणे आणि मापनाची सवय होणे यानेच दाब थोडा खाली येतो, हे त्या दुसऱ्या आकड्यात दडलेले आहे.

पुढे मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली तेव्हा चित्र अधिक कोरडे निघाले. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले. दाब सीमेवर असलेल्या या लोकांपैकी काहींना वजन उतरवायला, काहींना मीठ कमी करायला, काहींना ताण हाताळायला शिकवले. दीड वर्षानंतर वजन उतरवणाऱ्यांचा आणि मीठ कमी करणाऱ्यांचा दाब उतरला. ताण हाताळायला शिकलेल्यांचा लक्षात येण्याइतका उतरला नाही. यावरून काही जण म्हणतात, मग ताणाचा संबंधच नाही. मला हे पटत नाही. आठवड्याला काही तास शिथिल व्हायला शिकलेला माणूस पुन्हा त्याच पाळीवर, त्याच मुकादमाखाली, त्याच कर्जात परत जातो. त्याचे आयुष्य तसेच राहते. न्यूयॉर्कच्या त्या पुरुषांचा दाब उतरला तो कामच बदलल्यावर. पण दुसऱ्या टोकाचा दावाही सोडायला हवा. प्राणायाम, ध्यान, शवासन यांनी दाब थोडा उतरतो, झोप सुधारते, चिडचिड कमी होते. एकशे साठच्या माणसाला तेवढ्याने एकशे तीसवर आणण्याची खात्री कुणी देऊ नये. रोजचे तासभर भराभर चालणे याबाबतीत जास्त भरवशाचे आहे, आणि वजन एक किलोने उतरले की दाब साधारण एक मिलिमीटरने उतरतो. योग करावा, जरूर करावा. गोळीच्या जागी करू नये.

‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि त्यामागची भीती मी समजू शकतो. पण गोळी नसताना काय होते याचे एक दस्तावेजी उदाहरण जगासमोर आहे. ज्याच्या टेन्शनबद्दल शंका घ्यावी असा माणूस तो नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा दाब १९३५ मध्ये १३६/७८ होता. १९४१ मध्ये तो १८८/१०५ झाला. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासले तेव्हा १८६/१०८, आणि हृदय वाढलेले. महायुद्ध चालू होते; थकवा युद्धाचा, असे म्हणणे अगदी स्वाभाविक होते, आणि त्यांचे मुख्य डॉक्टर बाहेर तसेच सांगत राहिले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेच्या सुमारास आकडा २६०/१५० वर गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा पारा ३००/१९० होता, वय ६३. त्या काळी दाब उतरवणारी परिणामकारक गोळीच नव्हती. मीठ कमी करणे, विश्रांती आणि झोपेचे औषध एवढेच हाती होते. पहिली सोयीची गोळी, मूत्रावाटे मीठ बाहेर टाकणारी, १९५८ मध्ये आली. ज्या गोळीला आज आपल्याकडचा माणूस ‘सवय लागेल’ म्हणून घाबरतो, ती रुझवेल्टना मिळाली असती तर युद्धाचा ताण तसाच राहूनही त्यांच्या धमन्या वाचू शकल्या असत्या. दाब कशामुळे वाढला हे धमनीच्या भिंतीला कळत नाही. तिला फक्त किती आहे ते कळते. आणि गोळी जन्मभर लागेलच असे नाही. वजन, मीठ, दारू आणि झोप यांत बदल झाला तर डॉक्टर ती कमी करतात, कधी बंदही करतात. स्वतःच्या मनाने बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे.

राहिला प्रश्न मोजण्याचा, आणि इथे पुरुष मागे पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचा दाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. स्त्रियांत हे प्रमाण २१ टक्के. बाईचा दाब निदान बाळंतपणाच्या निमित्ताने मोजला जातो. गरोदरपणात उपकेंद्रात दर खेपेला दंडाला पट्टा लागतो. पुरुषाच्या आयुष्यात असा एकही प्रसंग नाही. नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली असेल तर झाली. नंतर थेट छातीत कळ येईपर्यंत कुणी विचारत नाही. त्यात भर म्हणजे पांढऱ्या कोटाच्या उलटा एक प्रकार आहे, लपलेला रक्तदाब. दवाखान्यात, शांत बसल्यावर, सुट्टीच्या दिवशी माप चांगले येते. कामावर, गाडी चालवताना, रात्री मात्र चढलेले असते. हा प्रकार पुरुषांत, सिगारेट ओढणाऱ्यांत आणि कामाच्या ताणाखाली असणाऱ्यांत अधिक सापडतो. म्हणजे ज्या टेन्शनमुळे डॉक्टरांकडे खोटा जास्त आकडा येऊ शकतो, त्याच टेन्शनमुळे खोटा कमी आकडाही येऊ शकतो. दोन्ही बाजूंनी फसवणाऱ्या या गोष्टीवर एकच उपाय आहे, पुन्हा मोजणे, आणि वेगवेगळ्या वेळी मोजणे.

त्यासाठी फार काही लागत नाही. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र आता गावातल्या मेडिकलमध्येही मिळते. मनगटावरचे घेऊ नये. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यावे, भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाठ टेकून खुर्चीवर बसावे, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. पाच मिनिटे गप्प. हे गप्प बसणे महत्त्वाचे आहे. माप घेताना बोलले तरी आकडा दहाच्या घरात वाढू शकतो. सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या मापात १३५/८५ किंवा त्यावर सरासरी आली तर तो उच्च रक्तदाब, मग टेन्शन असो वा नसो. यंत्र विकत घेणे जमत नसेल तर जवळचे सरकारी आरोग्य केंद्र आहे. देशाचा रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. मोजमाप आणि रोजच्या साध्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

शक्य असेल त्याने एक माप कामावरही घ्यावे, बुधवारी किंवा गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, फोन बाजूला ठेवून. वहीच्या ज्या पानावर हे आकडे लिहायचे त्यावर तारीख, वेळ, वरचा, खालचा असे चार रकाने लागतात. पाचवा एक आखावा आणि त्यात त्या वेळी मनात जे असेल ते लिहावे. फक्त ‘टेन्शन’ हा शब्द वापरू नये. धसका असेल तर धसका, घोर असेल तर घोर, घुसमट असेल तर घुसमट. आणि ते पान डॉक्टरांना दाखवावे, त्याआधी घरात एकदा दाखवावे.